मॉडेलिंग सोडून रिंगमध्ये खलनायिका: मिसिसागाच्या आईला उत्तर

पत्र:

"नमस्कार. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, बरीच वर्षं झाली, कॅनडात मिसिसागाला असतो. मुलगी चोवीस वर्षांची. कॉलेजात असल्यापासून मॉडेलिंग करायची. टोरांटोत कपड्यांच्या जाहिराती, लग्नाच्या प्रदर्शनातले शो अशी कामं मिळायची. तेही आम्ही कसंबसं स्वीकारलं होतं. मग तिने ते सोडलं आणि प्रो रेसलिंग शिकायला लागली. आता शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या हॉलमध्ये खेळ असतो. त्यात ती गर्विष्ठ मॉडेल होते. हातात आरसा, समोरच्या मुलीचे केस ओढायचे, रेफरीची पाठ वळली की लबाडी करायची, आणि लोक तिच्या नावाने ओरडतात. मी एकदा गेले होते. पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई तिला नको नको ते बोलल्या. मला बघवेना, रडत मध्येच बाहेर आले. हे तर तिच्याशी धड बोलत नाहीत, 'नुरा कुस्ती' म्हणतात. व्हिडिओ गावाकडे पोचलाय. आता ती माझी जुनी पैठणी मागतेय, रिंगमध्ये घालायला झगा शिवायचाय म्हणे. ती खरोखरच अशी होत चालली आहे का? तिला थांबवू का? आणि यातली दुखापत खरी असते की तीही खोटी?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुखापत खरी असते. निकाल आधी ठरलेला असतो, पण पाठ खरीच आदळते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. त्याआधी त्या आजीबाईंचं बोलू, कारण तुम्ही उठून बाहेर आलात ते त्यांच्यामुळे.

या धंद्यात खलनायकाला 'हील' म्हणतात आणि लोकांच्या लाडक्याला 'बेबीफेस'. हीलचं काम एकच, लोकांना इतकं चिडवायचं की बेबीफेस उठून उभी राहिली की हॉल दणाणून जावा. त्या आजीबाई तिकीट काढून चिडायला आल्या होत्या. तुमच्या मुलीने त्यांना मनसोक्त चिडू दिलं. पहिल्याच वर्षात हे जमणं सोपं नाही. नवशिक्या हीलवर कुणी ओरडतच नाही, लोक मोबाइल बघत बसतात.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. बहुतेक वेळा लढत हीलच चालवते. वेग कधी वाढवायचा, समोरचीला श्वास घ्यायला कधी थांबायचं, लोक थंड पडले तर काय बदलायचं, हे ती जागच्या जागी ठरवते आणि कानात सांगते. केस ओढताना समोरची मुलगी तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरते ते पाहिलंत का? आपला भार ती त्या मनगटावर घेते, केसांवर ताण येत नाही. उचलून आपटायचं असतं तेव्हा तर समोरचीची मान तुमच्या मुलीच्या हातात असते. जिच्यावर कुणाचा विश्वास नाही, तिच्या हातात कुणी आपली मान देत नाही. ती बिघडत चालली आहे का, याचा पुरावा हवा असेल तर तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलींना विचारा. तिच्याशी पुन्हा खेळायला त्या तयार असतात का, एवढंच विचारायचं.

तुम्ही मध्येच बाहेर पडलात, म्हणजे शेवट पाहिलाच नाहीत. हीलचा सगळा खटाटोप शेवटासाठी असतो. तिचा तोरा उतरला की लोक खूश होऊन घरी जातात. नाहीतर ती लबाडीने जिंकते आणि तेच लोक पुढच्या खेळाला परत येतात. मधलाच तुकडा पाहिला तर फक्त दुष्टपणा दिसतो.

आता 'ती तशी होईल का' हा प्रश्न. आपण मराठी माणसांनी हा प्रश्न फार पूर्वी अनुभवाने सोडवला आहे. निळू फुल्यांना पडद्यावर पाहून गावोगावच्या बायका त्यांना शिव्या द्यायच्या. पडद्याबाहेर हा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिलेला. येवल्याच्या ललिता पवार तरुणपणी देखण्या नायिका होत्या. 1942 मध्ये चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड नको इतकी जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचारांत वर्षं गेली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली. मग त्याच डोळ्याने त्यांनी खाष्ट सासू अशी उभी केली की पुढची कित्येक दशकं त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नाही. मला त्यांची आठवण दोन कारणांनी आली. सुंदर दिसण्यावर उभं असलेलं काम सोडून लोकांचा राग अंगावर घेणारं काम त्यांनी मनापासून केलं. आणि ठरवून मारलेली थप्पडसुद्धा चुकू शकते.

तुमच्या मुलीने निवडलेल्या पात्राला या खेळात मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातला बराच भाग कॅनडाचा आहे. सुरुवात अमेरिकेत झाली. 1940 च्या दशकात गॉर्जस जॉर्ज नावाचा पैलवान सोनेरी कुरळे केस करून, झगमगता झगा घालून रिंगमध्ये यायचा. त्याचा नोकर आधी अत्तर फवारायचा. टीव्ही नुकता घराघरांत येत होता, आणि या नटव्याला कुणीतरी बदडावं म्हणून लोक टीव्हीसमोर बसायचे. 1961 मध्ये लास वेगासला तरुण मुहम्मद अलीने त्याला पाहिलं. आपल्या बढाया मारण्याच्या शैलीचं श्रेय पुढे अलीने त्याला दिलं. 1989 मध्ये क्वेबेकचा पैलवान रिक मार्टेल 'द मॉडेल' झाला. तोवर तो लोकांचा आवडता सज्जन पैलवान होता. मग हातात 'ॲरोगन्स' नावाच्या अत्तराचा मोठा फवारा आला, आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांत उडवायला लागला. मार्टेल मॉडेलचं सोंग करायचा. माँट्रिअलची मरीस वेलेट मात्र खरोखरची मॉडेल, सौंदर्यस्पर्धा जिंकून आलेली. केस उडवून फ्रेंचमध्ये लोकांना हिणवायची. 2008 च्या डिसेंबरात ती डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या मोठ्या रेसलिंग कंपनीची 'दिवाज', म्हणजे बायकांमधली, चॅम्पियन झाली.

पण तुमच्या मुलीने जिचं पोस्टर भिंतीवर लावलं असेल, किंवा लावायला हवं, ती तुमच्याच शेजारची. ट्रिश स्ट्रेटस टोरांटोची. यॉर्क विद्यापीठात जीवशास्त्र आणि शरीरहालचालींचं शास्त्र शिकत होती. 1997 मध्ये विद्यापीठात संप झाला, म्हणून जिममध्ये रिसेप्शनला काम धरलं. तिथून एका फिटनेस मासिकाची मॉडेल झाली. 1999 च्या शेवटी डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, तिला घेतलं. तिने टोरांटोच्या सलीज जिममध्ये रॉन हचिसनकडे पडायला शिकायला सुरुवात केली. 2000 मध्ये टीव्हीवर आली ती दोन दांडग्या पैलवानांची मॅनेजर म्हणून. रिंगच्या बाहेर उभं राहायचं आणि दिसायचं. लोकांनी तिला शोभेची बाहुली ठरवून टाकलं होतं. 2001 च्या नोव्हेंबरात तिने पहिल्यांदा विजेतेपद घेतलं, आणि पुढे एकूण 7 वेळा. मार्च 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ऐन वेळी आपल्या माणसाला दगा देऊन ती खलनायिका झाली. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम त्यानंतरचं आहे. 6 डिसेंबर 2004 ला तिची आणि लिटा या लोकांच्या लाडकीची लढत 'रॉ' या डब्ल्यूडब्ल्यूईच्या दर आठवड्याच्या टीव्ही कार्यक्रमाची मुख्य लढत होती. बायकांना ती जागा क्वचितच मिळायची. त्या रात्री ट्रिश खलनायिका होती, ती हरली, आणि हॉल आनंदाने वेडा झाला. 2013 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. 2023 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना ती परत आली. तेव्हाही तिने खलनायिकाच व्हायचं पसंत केलं.

मॉडेलला याची ओढ का वाटावी, याचा मी विचार केला. कॅमेऱ्यासमोर तुमच्या मुलीने काही वर्षं काढली. तिथे तिने बोलायचं नव्हतं, फक्त आवडून घ्यायचं होतं. पसंती-नापसंती उंचीवर, रंगावर, दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर. देखण्या माणसाबद्दल लोकांच्या मनात जी अढी असते ती तिने या कामात मुद्दाम हाती घेतली आहे आणि ती कधी, किती चेतवायची हे आता ती ठरवते. तिला एकदा शांतपणे विचारा, लोक ओरडतात तेव्हा कसं वाटतं? मला वाटतं तिच्याकडे या प्रश्नाचं मोठं उत्तर असेल आणि ते ऐकायला घरात कुणी नसेल.

पैठणीबद्दल. ती कापून देऊ नका, दुसऱ्या कापडाचा झगा मात्र जरूर शिवून द्या. कारण जुन्या साडीच्या मायेपलीकडचं आहे. आज लोक तिच्यावर ओरडतात ते पात्राच्या गर्वावर. पैठणीचा झगा चढला की ओंटारियोच्या एखाद्या हॉलमध्ये तोच राग परदेशी दिसणाऱ्या मुलीवर घसरायला वेळ लागत नाही. 'परका दुष्ट' हा या धंद्यातला फार जुना आणि आळशी साचा आहे. आयोजक तो नव्या दक्षिण आशियाई मुला-मुलींना पटकन चिकटवतात. त्यातूनही माणसं मोठी झाली. 2017 मध्ये कॅल्गरीचा, पंजाबी घरातला जिंदर महाल खलनायक म्हणून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला, तेव्हा 'मी वेगळा दिसतो म्हणून तुम्हाला आवडत नाही' हाच त्याच्या भाषणांचा सूर होता. पण साचा कुणी लादला आणि तिने स्वतः विचार करून घेतला, यात फरक आहे. पैठणीची कल्पना तिची की आयोजकाची, हे विचारा. तिची असेल तर तिचं म्हणणं ऐकून घ्या. माझं मत तरीही चमचमत्या सॅटिनच्या बाजूने. शिवताना पिना, काच, धारदार टिकल्या नकोत, समोरचीच्या डोळ्याला लागतील. पुढे एकच मोठा हूक किंवा वेल्क्रो ठेवा, म्हणजे एका हिसक्यात निघेल.

तुमच्यापासून गाडीने जवळच मिल्टन आहे. तिथे टायगर जीत सिंग यांच्या नावाची सरकारी शाळा आहे, 2010 मध्ये सुरू झालेली. पंजाबातून कॅनडात आलेला हा माणूस जपानमध्ये फेटा बांधून, तोंडात तलवार धरून प्रेक्षकांत घुसायचा. 1970 च्या दशकात अँटोनियो इनोकी या तिथल्या लाडक्या पैलवानाचा तो सगळ्यात भयंकर शत्रू होता आणि लोक त्याला पाहून खुर्च्या सोडून पळायचे. त्याच माणसाचं नाव त्याच्या समाजकार्यासाठी शाळेला दिलं गेलं. गावाकडून कुणी व्हिडिओबद्दल बोललं तर त्या शाळेच्या पाटीचा फोटो पाठवून द्या. नातेवाइकांसाठी याहून जास्त वेळ घालवायची गरज मला वाटत नाही.

आता शरीर.

रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. गादी समजाल तर फसाल. पाठीवर पडणं म्हणजे 'बंप'. तो शिकायलाच महिने जातात: हनुवटी छातीला घट्ट टेकलेली, पाठ वरच्या बाजूने सपाट, दोन्ही हात बाजूला आपटायचे, श्वास बाहेर सोडायचा. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं. दोर अंगाला लागून काळेनिळे डाग पडतात. छातीवर मारलेली 'चॉप' खरीच असते, ती खोटी करायची सोयच नाही. ट्रिशचंच पाहा. 2001 मध्ये घोट्याने तिला काही महिने बसवलं, 2005 मध्ये मणक्याच्या चकतीने, 2006 मध्ये लढत चालू असताना खांदा निखळला. मरीसने गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ओंटारियोचाच एज नावाचा पैलवान 2011 मध्ये मानेमुळे निवृत्त झाला आणि परत यायला त्याला 9 वर्षं लागली. हे सगळे चांगल्या हातांखाली शिकलेले लोक होते.

मला सगळ्यात जास्त भीती डोक्याच्या माराची वाटते. क्रिस नोविन्स्की हार्वर्डमध्ये शिकलेला पैलवान. रिंगमध्ये तो शिक्षणाचा माज असलेला खलनायक व्हायचा. 2003 मध्ये डोक्याला मार बसला. तो लपवून तो खेळत राहिला, लक्षणं वाढत गेली आणि कारकीर्द संपली. पुढे 2007 मध्ये त्याने मेंदूच्या दुखापतींवर काम करणारी संस्था उभी केली. मुलीला हा माणूस माहीत असेल, नसेल तर तिला त्याच्याबद्दल वाचायला सांगा. घरात एक नियम करा आणि त्यावर वाद नको. डोकं गरगरलं, उजेड सहन होईना, उलटी झाली, मधला काही वेळ आठवेनासा झाला, तर त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय पुन्हा रिंगमध्ये पाय नाही. आयोजक रागावला तरी नाही, तिकिटं विकली गेली असली तरी नाही. आपलं दुखणं लपवणं म्हणजे निष्ठा, असं मानण्याची या धंद्यात जुनी सवय आहे. नवी मुलं तिला लवकर बळी पडतात.

ओंटारियोचं हेल्थ कार्ड डॉक्टर आणि हॉस्पिटल बघेल. तिच्या वयाला फिजिओथेरपीचे आणि दातांचे पैसे बहुधा खिशातून जातील, आणि बुडालेली मजुरी कुणी देणार नाही. छोट्या खेळांत मिळणारे पैसे प्रवासातच संपतात. अगदी डब्ल्यूडब्ल्यूईसुद्धा आपल्या पैलवानांना नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. म्हणून खाजगी विमा घ्या, आणि 'व्यावसायिक खेळ वगळून' अशी ओळ त्यात आहे का हे आधी वाचा. अनेक पॉलिसींत ती असते. अमेरिकेत खेळायला बोलावलं तर कामाची परवानगी लागते. 'पर्यटक म्हणून ये, कुणी विचारत नाही' म्हणणाऱ्या आयोजकाला तिने सरळ नकार द्यावा. हातातलं दुसरं काम तिने अजून सोडलं नसेल तर ते टिकवावं, असं मी ठामपणे म्हणेन.

तुम्ही विचारलं नाहीत ते एक सांगते. 2020 च्या जूनमध्ये कितीतरी मुलींनी आणि काही मुलांनी उघडपणे सांगितलं की कुस्तीच्या शाळांत आणि दौऱ्यांत प्रशिक्षकांनी, ज्येष्ठ पैलवानांनी त्यांचा गैरफायदा घेतला. ही शाळा कशी आहे, स्वतः जाऊन पाहा. चांगली शाळा पालकांना दारात अडवत नाही. शिकवणारे स्वतः किती वर्षं खेळले, मुलींना शिकवायला बाई आहे का, रात्रीच्या प्रवासात गाडीत कोण असतं, खेळाच्या जागी प्रथमोपचार येणारं माणूस असतं का, हे विचारा. आणि तिला हे सांगा की खलनायिकेलाही मर्यादा आखता येते. 2001 मध्ये भर टीव्हीवर ट्रिशला चारी पायांवर रांगत कुत्र्यासारखं भुंकायला लावलं होतं. ते तेव्हा मनोरंजन म्हणून खपलं. कुठल्या प्रसंगाला आपण 'नाही' म्हणायचं, हे तिने आजच ठरवून ठेवावं. ऐनवेळी ठरवता येत नाही.

राहिले तिचे बाबा. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. ज्याने खासबागेत जोड लागताना पाहिली, ज्याच्यासाठी खाशाबा जाधवांचं 1952 चं पदक घरातल्यासारखं आहे, त्याला ठरवून केलेली कुस्ती हा तांबड्या मातीचा अपमान वाटणारच. नुरा कुस्तीत पैसे देऊन बसलेल्या माणसाला फसवलेलं असतं, म्हणून ती पाप. इथे कुणी फसत नाही. 1989 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने स्वतःच न्यू जर्सीच्या सिनेटला सांगितलं की हे मनोरंजन आहे, स्पर्धा नाही. लोक नाटकाला जातात तसे जातात. आणि त्यांच्या वडिलांच्या पिढीने दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना गर्दी केली होती, हेही त्यांना आठवत असेल. समोर किंग काँग नावाच्या पैलवानासारखा राक्षस होता म्हणून ती गर्दी होती.

तिने त्यांना खेळ बघायला बोलावू नये. अजून नाही. सरावाला न्यावं. तिथे माणसं मानेचे व्यायाम करतात, डोकं आणि पाय टेकून अंगाचा पूल काढतात, तासन्‌तास पडतात आणि उठतात. ते त्यांना ओळखीचं वाटेल, आणि तालमीत बसलेला माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही. मान कशी धरायची याबद्दल त्यांनी तिला काही सांगितलं, तर तुम्ही मध्ये बोलू नका.